गोंडे मोजून घ्या

खडेबाजारात काकांचं फ्लेक्स आणि पत्रिका छापायचं दुकान आहे, कोरल ड्रॉवर (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मी बसतो. बेळगावात झेंड्याचा रंग बघून कोण कुठल्या बाजूचा हे शेंबड्या पोरालाही कळतंय, आणि बोर्डावर कन्नड ६० टक्के भरतंय की नाही हे तर मी नुसत्या नजरेनं सांगतो, त्यामुळं चिन्हंबिन्हं आपल्याला कोण शिकवणार असा माज होताच.

मध्यंतरी कॅम्पातनं एक अंकल आले, कॅथलिक चर्चच्या कार्यक्रमाची पत्रिका, वर बिशपांचं (म्हणजे इथल्या मुख्य धर्मगुरूंचं) कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीचं मानचिन्ह पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरची इमेज फुटत होती म्हणून मी नेटवरनं एक तयार फ्रेम उचलली, वर हिरवी टोपी, दोन्ही बाजूला लोंबणारे गोंडे, मध्ये त्यांची ढाल बसवली आणि प्रूफ दिलं. अंकल नखानं गोंडे मोजायला लागले. "काय रे, आमच्या बिशपांना आर्चबिशप करून टाकलास की! आर्चबिशप बेंगळुरूला असतात."

गोंडे म्हणजे मला झालर वाटली होती ओ, पण त्यांच्यावरनं हुद्दा कळतो! एका बाजूला १, २, ३ अशा ओळी धरून ६ असले तर बिशप, चौथी ओळ आली की १० आणि आर्चबिशप, म्हणजे वरचा हुद्दा. पंधरा आणि टोपी लाल, तर त्याहून वरचे कार्डिनल. साध्या फादरना काळी टोपी आणि एकेकच गोंडा. ढालीमागचा क्रॉस पण मी दोन आडव्या दांड्यांचा घेतला होता, तोही आर्चबिशपचाच, म्हणजे प्रमोशन अगदी पक्कं केलं होतं मी. बरं ही टोपी आता कुणी घालत पण नाही. लाल टोपी कार्डिनलना १२४५ पासनं, पोप इनोसंट चौथे यांनी दिलेली, १९६९ साली ती डोक्यावरनं गेली आणि कागदावर तेवढी राहिली.

ढालीच्या आतलं मात्र ज्याचं त्याचं. बिशपना मुलंबाळं नसतात, म्हणजे पुढं वारशानं कुणाला जायचा प्रश्नच नाही, मग स्वतःचा संत, स्वतःचा धर्मसंघ, गाव असलं काय काय त्यात येतं आणि खाली ब्रीदवाक्य. आधीचे पोप फ्रान्सिस यांच्या ढालीवर जेझुइटांचा (त्यांच्या धर्मसंघाचा) सूर्य होता, मध्ये आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरं (इथल्या जेझुइटांच्या सेंट पॉल्स शाळेतल्या पोरांना ओळखीची असणार), मरियेसाठी तारा, आणि संत जोसेफसाठी जटामांसीचं फूल, जे बऱ्याच जणांना द्राक्षाचा घड वाटलं. मलाही द्राक्षंच वाटली, आणि सांगितल्यावरही मला ती द्राक्षंच दिसतात, काय करणार.

दुसरं प्रूफ काढलं. चार गोंडे इकडचे उडवले, चार तिकडचे, क्रॉसची एक दांडी काढली. अंकलनी परत मोजलं, मग काकांना हाक मारून त्यांनाही मोजायला लावलं, आणि मगच ॲडव्हान्स दिला.