तात्यांनी लोकेशन चालू ठेवलं

मे महिन्यात गावी गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं, घरातल्या सगळ्यांचे फोन बघून द्यायचे. कुणाचं स्टोरेज फुल, कुणाचं व्हॉट्सऍप अडकलेलं, आणि तात्यांच्या म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांच्या फोनमध्ये दामिनी ऍप टाकायचं. तीन वर्षं टाकलं, तीनही वेळा पुढच्या सुट्टीत गेलो तर काढून टाकलेलं.

दामिनी माहीत नसेल तर सांगतो. पुण्यात पाषाणला आयआयटीएम म्हणून हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे, त्यांनी बनवलंय. देशभर ठिकठिकाणी वीज टिपणारे सेन्सर बसवलेत, आणि तुम्ही उभे आहात तिथून वीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजा पडायला लागल्या की फोनवर इशारा येतो. फुकट आहे. देशात दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं विजेनं जातात आणि त्यात रानात राबणारीच जास्त, मग लोक हे टाकत का नाहीत असं मला सारखं वाटायचं.

मला वाटायचं माहितीच नसेल. पण गावच्या ग्रुपवर लिंक आलेली होती की, सगळ्यांनी अंगठे दाखवले, टाकलं कुणीच नाही. तात्यांचं म्हणणं सरळ होतं, "लोकेशन चालू ठेवलं की बॅटरी उतरती, रानात चार्जिंग कुठं करू? आन तीस किलोमीटरवर वीज पडली म्हणून मी पेरणी थांबवू व्हय?" दोन-तीनदा फोन वाजला, आमच्याकडं थेंब पण नाही, मग त्यांचा विश्वासच उडाला. खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं, मी नुसतं ऍप टाकून दिलेलं, ते वाचायचं कसं हे कधी सांगितलंच नव्हतं.

मागच्या वर्षी मिरगाच्या तोंडावर शेजारच्या बांधावर बैलजोडीवर वीज पडली. चिंचेखाली बांधलेले, दावं तसंच, पुढ्यात कडबा तसाच, आणि दोन्ही बैल आडवे. तात्या बघून आले, जेवले नाहीत. सकाळी स्वतःच फोन घेऊन माझ्याजवळ बसले, "ते विजेचं कसं बघायचं, दाव बरं एकदा."

पण ते बैल सगळ्या गावानं बघितले होते, ऍप तात्यांनीच टाकलं. नुसत्या भीतीनं कुणी टाकत नाही असं माझं मत झालंय, टाकलं तरी आठ दिवसांनी काढतात. तात्यांकडं ते टिकलं कारण त्यांनी ते स्वतःच्या सोयीनं बसवून घेतलं. त्या दिवसांत ढग बहुतेक दुपारनंतरच उठतात, म्हणून बारा वाजता लोकेशन चालू, अंधार पडेपर्यंत. फोन वाजला की आधी आभाळाकडं बघायचं, मग वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे, तीन आकड्यांना एक किलोमीटर. आणि गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, तेव्हा बैल सोडायचे, झाडाखाली थांबायचं नाही, घर गाठायचं. हे शेवटचं मी वहीच्या पानावर लिहून दिलं, ते पान त्यांच्या फोनच्या कव्हरमध्ये आहे. बॅटरी सेव्हर चालू असला की इशारा अडकू शकतो हे मला पण तेव्हाच कळलं, त्या ऍपपुरता तो बंद करून दिला.

गंमत नाही सांगत, आता आमच्या शिवारात ऍप एका फोनमध्ये आहे आणि त्याचा उपयोग दहा-बारा जणांना होतो. तात्या बांधावरून हाक मारतात, लांबच्यांना फोन लावतात, आणि लोक येतात कारण सांगणारा तात्या आहे. तेच टीव्हीवर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस असं सांगितलं तर कोण उठणार?

यावर्षी काकू म्हणाली, "आमचं काय रं? आम्ही खुरपायला दुसऱ्याच्या रानात, फोन पोराकडं." मला काही बोलताच येईना. खुरपणाऱ्या सात-आठ बायकांत एकीकडंच फोन आहे, तोही साधा, बटणाचा. तिचा नंबर तात्यांच्या फोनमध्ये पहिला टाकलाय, आता इशारा आला की पहिला फोन तिला जातो.