अकरा सेकंदांची खार

साडेतीन मिनिटांचा लघुपट. माणसं खरी, आणि त्यांच्यात हाताने काढलेली एक खार. पटकथा, चित्रीकरण, संकलन सगळं वेळेत उरकलं. अडलं ते एका शॉटवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

खार टेबलावर उभी आहे आणि कॅमेरा तिच्याभोवती अर्धी चक्कर मारतो, एवढाच तो अकरा सेकंदांचा शॉट. चित्रीकरणाच्या फ्रेमवर एकेक चित्र काढत गेले. चालवून पाहिलं तर खारीचे पंजे टेबलावर ठरेनात. सारखे थरथरायचे, निसटायचे. मला वाटलं, माझाच हात कच्चा. पंजे पुन्हा काढले. रेषा जाड केली, सावली गडद केली. तीन आठवडे यात गेले आणि थरथर तशीच.

शेवटी एकेक फ्रेम पुढे सरकवत बसले. एका फ्रेमला पंजे बरोबर टेकलेले, पुढच्या फ्रेमला सरकलेले, त्यापुढच्या फ्रेमला पुन्हा बरोबर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमने चालतो. हाताने काढताना एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवायची जुनी रीत आहे. तिला ‘ऑन टूज’ म्हणतात. सेकंदाला 12 चित्रांत काम भागतं, आणि मागचं दृश्य स्थिर असेल तर कुणाला खटकत नाही. पण माझं टेबल खरं होतं, कॅमेरा फिरत होता, म्हणजे टेबल प्रत्येक फ्रेमला जागा बदलत होतं आणि खार एकाआड एक फ्रेमला मागे राहत होती. माझी चित्रं होती 132. लागणार होती 264.

‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (1988) या चित्रपटातही खऱ्या माणसांत हाताने काढलेला एक ससा आहे, रॉजर. त्यात ॲनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांच्या चमूने फिरत्या कॅमेऱ्यासाठी प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढलं, हे मी पूर्वी वाचलं होतं. तेव्हा ती मोठ्या बजेटची चैन वाटली. ती गरज होती, हे शिकवण्यांमध्ये कुणी ठासून का सांगत नाही? मी पाहिलेल्या सगळ्या शिकवण्यांत पात्र स्थिर कॅमेऱ्यासमोरच नाचत होतं! कॅमेरा नुसता आडवा सरकत असेल तर धरून ठेवलेलं चित्र ट्रॅकिंगने, म्हणजे टेबलाची हालचाल संगणकावर फ्रेमगणिक टिपून, टेबलाला बांधता येतं. कॅमेरा पात्राला वळसा घालत असेल तर प्रत्येक फ्रेमला खारीची बाजूच बदलते, तिथे काढण्याला पर्याय नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: मोबाइलवर चित्रीकरण करणार असाल तर फ्रेमची गती 24 वर पक्की करा. बरेच फोन उजेड कमी झाला की ती आपोआप कमीजास्त करतात, आणि मग चित्रांचा हिशेब चुकतो. आमचे पहिले दोन शॉट त्यापायीच पुन्हा घ्यावे लागले.

आणखी एक, नजरेचं. माझा भाचा खारीशी बोलतो, पण समोर काहीच नसल्याने त्याची नजर आरपार भिंतीवर जायची. तारेच्या टोकाला मातीचा गोळा लावून खारीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. तालीम त्यावर, मग गोळा काढून टेक. तरी तो विचारायचा, “मावशी, ती आत्ता उडी मारते की नंतर?” मग खारीचे संवाद कॅमेऱ्यामागून मीच म्हणू लागले आणि त्याचा अभिनय एकदम सुटला. रॉजरचा आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर तर सशाचा पोशाख घालून कॅमेऱ्याबाहेर उभे राहायचे, समोरच्या नटाला बोलायला कुणीतरी खरं मिळावं म्हणून.

टेबलावरचा दिवा मात्र मी हलू दिला नाही. त्या चित्रपटात झुलत्या दिव्याचा एक प्रसंग आहे. दिवा झुलला की सशावरची सावली प्रत्येक फ्रेमला बदलते. एकटीने काढणार असाल तर उजेड स्थिर ठेवा.

उरलेली 132 चित्रं काढायला आणखी चार आठवडे लागले. सगळी जोडून शॉट चालवला, तर पंजे टेबलावर घट्ट. भाच्याला बोलावलं आणि आम्ही दोघांनी तो शॉट वीसेक वेळा पाहिला.