समुद्राकडे पाठ फिरवलेलं गाव

ग्रान कनारियातल्या लास पाल्मासहून निघालो तेव्हा आभाळ अगदी खाली उतरलं होतं. उन्हाळ्यात शहरावर असे ढग दिवसचे दिवस बसून राहतात. इथली माणसं त्याला ‘पान्सा दे बुरो’ म्हणतात, म्हणजे गाढवाचं पोट. रंगही तसाच, ओथंबणंही तसंच. आमची ‘ग्वाग्वा’ (बसला इथे हाच शब्द) विमानतळ मागे टाकून दक्षिणेला लागली आणि बघता बघता ढग सरले, हिरवं सरलं. उरल्या फक्त करड्या-तांबड्या, उघड्याबोडक्या टेकड्या.

ग्रान कनारिया हे अटलांटिकमधल्या स्पेनच्या कनारी बेटांपैकी एक. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे मधल्या डोंगराला अडतात, सगळी ओल उत्तरेलाच सांडते. दक्षिणेला वर्षाकाठी १५० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो आणि माणदेशात ठणठणाट, तसंच. मी माण तालुक्यातला, त्यामुळे ही जमीन मला पाहताक्षणी ओळखीची वाटली. दोन्हीकडचा खडक ज्वालामुखीचाच.

सान आगुस्तीनला उतरून टॅक्सीने आत गेलो. किनाऱ्यावरची हॉटेलं दिसेनाशी झाली आणि कोरड्या घळीत, दोन्ही बाजूंनी कडे असलेल्या जागी, एक लाकडी गाव समोर आलं. सलून (म्हणजे दारूचा गुत्ता), बँक, तुरुंग, चर्च, मधून जाणारा धुळीचा रस्ता. हे ‘सू सिटी’. सत्तरच्या दशकात वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांसाठी उभारलेलं आणि नंतर पर्यटकांसाठी खुलं झालेलं. स्पेनच्या मुख्य भूमीवर आल्मेरियाच्या माळांत तेव्हा इटालियन दिग्दर्शकांची रीघ लागलेली होती. त्यातले काही जण या बेटांकडेही वळले. ली व्हॅन क्लिफ आणि जिम ब्राउन या नटांचा १९७५चा ‘टेक अ हार्ड राइड’ कनारी बेटांवरच चित्रित झाला. दिग्दर्शक इटलीचे आन्तोनियो मार्गेरिती. त्याच वर्षी आपल्याकडे ‘शोले’ आला, रामनगरच्या ग्रॅनाइटमध्ये घडवलेलं रामगढ घेऊन. माझ्या वडिलांनी तो साताऱ्याला तीनदा पाहिला होता.

मी सलूनपेक्षा जास्त वेळ त्याच्या मागच्या उतारावर घालवला. तिथे दोन तऱ्हेचे निवडुंग शेजारी शेजारी उभे होते. एक कार्दोन: सरळसोट, काटेरी खांबांचा जुडगा, माणसाहून उंच. तो मूळचा इथलाच. लांबून थेट अमेरिकन कॅक्टस वाटतो, पण कुळ वेगळं. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आपल्या त्रिधारी निवडुंगासारखा. दुसरा मात्र खरा अमेरिकन, आपला फड्या निवडुंग. एकोणिसाव्या शतकात त्याची इथे मुद्दाम लागवड झाली, त्यावर कोचिनील किडे पोसायला. एका फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके होते. त्यातला एक मी नखाने चिरडला, तर बोटभर गर्द किरमिजी रंग पसरला. कपडे रंगवणाऱ्या जगभरच्या गिरण्यांना हा रंग इथून जायचा. कृत्रिम रंग आले आणि धंदा बसला. निवडुंग तेवढे राहिले. बाजूला घायपातही होता, तोही मेक्सिकोकडचाच. म्हणजे सिनेमावाले येण्याच्या शंभरेक वर्षं आधीच शेतकऱ्यांनी या उतारांवर मेक्सिको लावून ठेवला होता. मला हे फार विलक्षण वाटलं. आपण त्याला सेट म्हणतो, पण त्यातलं निम्मं कुणाच्या तरी कष्टाचं उरलेलं शेत आहे.

उतार चढून वर गेलो आणि एकदम समोर समुद्र. निळाशार, अगदी हाकेच्या अंतरावर वाटावा असा. तेव्हा कॅमेरावाल्यांचं खरं काम कळलं. या बेटावर उंच जागी जाल तिथे पाणी दिसतं, आणि टेक्सासच्या वाळवंटात ते दिसून चालत नाही. त्यामुळे कॅमेरा घळीत उतरवायचा, तोंड डोंगराकडे ठेवायचं. मीही तसाच एक फोटो काढला, कडे आणि धूळ तेवढी घेतली, आणि घरी पाठवला.

वडिलांचा लगेच फोन. सिनेमाचं काहीच विचारलं नाही.

“अरे, तिथं पाणी कुठनं आणत्यात?”

परतताना टॅक्सीवाल्याला विचारलं. त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून खिडकीबाहेर, समुद्राकडे दाखवला. त्याचंच मीठ काढून नळाला देतात, म्हणाला. मी ते वडिलांना सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता, मग पुढचा प्रश्न: “आन लाइटबिल किती येतं त्याचं?”