तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या कार्डांवर 'झाडे लावा' का नसतं

दरवर्षी ५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या आसपास मुलांनी केलेली कार्डं बघून कोणीतरी विचारतंच, पर्यावरणाची कार्डं म्हणता मग 'झाडे लावा, झाडे जगवा' कुठंय, पृथ्वीचा गोळा कुठंय.

पहिल्या वर्षी होतं की सगळं. पर्यावरणावर काढा एवढंच सांगितलं तर पंधरा मुलांनी पंधरा पृथ्वी काढल्या, त्याही तळहातावर ठेवलेल्या, आणि खाली सोसायटीच्या गेटजवळ झाड कुठलंय विचारलं तर एकालाही सांगता येईना. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. तेव्हापासून नियम असा, की या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं आणि कार्ड कोणाला द्यायचं ते आधी ठरवायचं.

कागदही आम्हीच करतो. रद्दीचे अंगठ्याएवढे तुकडे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी मिक्सरमधून लगदा, तो टबभर पाण्यात सोडायचा, पिठाच्या चाळणीने अलगद वर उचलायचा आणि जुन्या सुती साडीवर पालथा घालायचा. पेपरचा कागद शाईमुळे करडा होतो म्हणून वह्यांची पाठकोरी पानं जास्त घेतो, कधी कांद्याची सालं बारीक करून टाकतो. चाळणीतून पाणी निथळत असतं ना तेव्हा एरवी घर डोक्यावर घेणारी मुलंही गप्प होऊन बघत बसतात. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची, तिथे सुती चिंध्यांचा कागद होतो, तो हातात घेऊन एका मुलीने विचारलं होतं, म्हणजे यात झाड नाहीच? नाहीच. चमकी मात्र मी अजिबात वापरू देत नाही, ते प्लॅस्टिक आहे आणि चमकीचं कार्ड परत लगद्यात टाकता येत नाही.

आता या मार्चचं सांगते. तिसरीतल्या एका मुलाने तांबट पक्षी काढला, हिरवा, कपाळाला लाल टिळा, शेवग्याच्या वाळक्या फांदीला गोल भोक पाडून बसलेला. खिडकीतून आठवडाभर बघत होता तो. आणि नेमकी तीच फांदी तोडायची असं सोसायटीत ठरलं होतं. त्याने कार्ड चेअरमन काकांना दिलं, आत एवढंच, "काका हे त्याचं घर आहे. आत्ता नको." काका कार्ड घेऊनच खाली आले, दोघं शेवग्याखाली मान वर करून बराच वेळ उभे, शेवटी भोकातून चोच बाहेर आली तेव्हा काकांनीच आधी बोट दाखवलं.

फांदी मे संपताना तोडली, पिल्लं उडून गेल्यावर. भोकाचा तुकडा त्या मुलाने मागून घेतला, आता तो आमच्या कार्डांच्या टेबलावर असतो, माझी दोन बोटं आरामात आत जातात.