कारवानी कुत्री आणि हौदातले कासव

आमच्या घरी येणारे पाहुणे व्हरांड्यातल्या हौदाकडे आणि पायरीवर पसरलेल्या कारवानी कुत्रीकडे आळीपाळीने पाहतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, की या दोघांची मैत्री झाली का. उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ती होऊ नये याचीच आम्ही काळजी घेतो. कुत्र्याच्या पाठीवर कासव बसवलेली छायाचित्रे मोबाइलवर हौसेने पाठवली जातात. ती गोड दिसतात हे खरे, पण त्यातल्या कासवाचा जीव कुत्र्याच्या त्या क्षणीच्या लहरीवर असतो, आणि लहरीवर एवढा भरवसा मी माणसांच्या बाबतीतही टाकत नाही.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात कारवानी कुत्री पूर्वापार सशाच्या शिकारीसाठी पाळली गेली. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते, म्हणजे हालचाल दिसली की तिचे शरीर आधी धावते आणि शिकवण मागून येते. आमची बिजली अंगाने काटकुळी, स्वभावाने लाजरी आणि ‘थांब’ म्हटले की थांबणारी आहे. तरीही कासव विटेवरून ‘डुबुक’ करून पाण्यात उतरते तेव्हा तिच्यात होणारा बदल पाहण्यासारखा असतो. ती भुंकत नाही, गुरगुरत नाही. मान पुढे येते, शेपूट ताठ होऊन थांबते आणि पुढचा एक पंजा अधांतरी राहतो. घरातली मंडळी याला ‘किती शांत बघते’ असे म्हणतात, पण माझ्या मते कुत्र्याचे हे गप्प होणे भुंकण्यापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावे. लॅब्राडोरसारख्या कुत्र्याची तऱ्हा वेगळी असते. त्याच्या मनात शिकारही नसते, तो निव्वळ हाडूक समजून कवच चघळत बसतो, आणि परिणाम मात्र तोच होतो.

कवच म्हणजे चिलखत, कासव आत शिरले की सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. कवच हे जिवंत हाड आहे. कासवाचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात, त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात आणि वर नखांसारख्या पदार्थाचे पातळ आवरण असते. मोठ्या कुत्र्याच्या दाढेखाली ते तडकते, आणि दाताचे बारीक छिद्र पडले तरी कुत्र्याच्या तोंडातले जंतू थेट आत पोहोचतात. अशा वेळी कासव रडत-ओरडत नाही, त्यामुळे इजा लहान वाटते. प्रत्यक्षात रक्त दिसत असल्यास स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा, कासव पुन्हा पाण्यात न सोडता कोरड्या खोक्यात मऊ कापडावर ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. तडा फेविक्विक किंवा एम-सीलने बुजवण्याचा उद्योग कोणीही करू नये, कारण जंतू आतच कोंडले जातात. कवच भरून यायला पुष्कळ महिने लागतात.

आमच्या गावात खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की गच्चीवरच्या हौदातले पाणी तापते, कासवाला सावलीत खाली आणावेच लागते, आणि खालची गार फरशी ही नेमकी कुत्र्याची हक्काची जागा असते. म्हणून कासवाची जागा हिवाळ्यात नव्हे, तर मे महिना डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी. आम्ही व्हरांड्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात बांधीव हौद करून त्यावर लोखंडी वेल्ड जाळीचे झाकण आणि कडी बसवून घेतली. सकाळचे कोवळे ऊन जाळीतून आत येते, दुपारी सावली राहते. झाकण काचेचे करू नये. कवच टणक राहण्यासाठी कासवाला उन्हातले जे अतिनील किरण लागतात, ते काचेतून जवळजवळ जात नाहीत. प्लॅस्टिकची मच्छरजाळी तर बिजलीच्या एका पंज्याची धनी आहे.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. कासवाच्या आतड्यात माणसाला ताप-जुलाब आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. कासव ठणठणीत दिसते, पण जंतू विष्ठेतून पाण्यात आणि कवचावर येतात. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री याच कारणासाठी बंद आहे. तहानलेले कुत्रे हौदातले पाणी चाटते आणि त्याच जिभेने घरातल्या मुलाचे तोंड चाटते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे हौदाचे पाणी फेकायचे जिवावर येते, हे मी जाणतो. पिंपात साठवलेले पाणी कासवाला चालतेच, क्लोरीनही उडून गेलेले असते. पण बदललेले पाणी अंगणात न टाकता शौचालयात ओतावे, स्वयंपाकघराच्या मोरीत तर कधीच नाही. हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालचे मूल घरात असेल, तर माझे मत कासव आणूच नये असे आहे.

कोणते कासव, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधीचा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव किंवा आपल्या तळ्या-विहिरींतले देशी कासव घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग ते वास्तूसाठी ठेवा की हौसेसाठी. आमच्याकडे आहे ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेले परदेशी स्लायडर. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडेच मोठे असते, पण मादी पुढे जवळपास फूटभर होते. मग ते नकोसे झाले म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडून देणारे लोक देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर घाला घालतात.

स्लायडर नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे सहज जगते, कारवानी साधारण बारा-पंधरा. म्हणजे या हौदासमोर बिजलीनंतर आणखी एखादे पिल्लू येणार हे धरूनच चालावे लागते, आणि त्याला ‘थांब’ हा शब्द माहीत नसेल, म्हणून कडीला यंदा कुलूपही लावले आहे.