मिठाच्या स्फटिकाची ऊर्जा: बेरीज कुठे फसते

एका सोडियम आयनापासून सुरुवात करा. जवळ 6 क्लोराइड, मग √2 पट अंतरावर 12 सोडियम, √3 वर 8 क्लोराइड, 2 वर 6 सोडियम, √5 वर 24 क्लोराइड. प्रत्येक आयनाचा वाटा 1 ÷ अंतर (क्लोराइडचा अधिक, सोडियमचा उणा) धरून अशी गोलागोलाने बेरीज केली तर आकडे येतात 6, −2.49, 2.13, −0.87, 9.87. ही बेरीज कधीच स्थिरावत नाही, कारण प्रत्येक गोलात उरलेला निव्वळ प्रभार वेगळा असतो.

त्याऐवजी त्याच आयनाभोवती घन घ्या. पृष्ठावरचा आयन अर्धा, कडेवरचा पाव, कोपऱ्यातला एक-अष्टमांश मोजा. पहिल्याच घनाला 1.456 मिळतात, दुसऱ्याला सुमारे 1.75, खरा मॅडेलुंग स्थिरांक, म्हणजे या अनंत बेरजेचं उत्तर, 1.7476. भौतिकशास्त्रज्ञ एव्हजेनची ही युक्ती मला फार सुंदर वाटते!

आता सोडियम-क्लोराइड जोडीमागची आकर्षणाची ऊर्जा: 14.40 × 1.7476 ÷ 2.82 = 8.92 इलेक्ट्रॉन व्होल्ट. इथे 14.40 इलेक्ट्रॉन व्होल्ट ही 1 अँगस्ट्रॉमवरच्या दोन एकक प्रभारांची ऊर्जा, आणि 2.82 अँगस्ट्रॉम हे शेजारी आयनांमधलं अंतर आहे. चुकून एकक कोष्टिकेची बाजू 5.64 घातली की उत्तर निम्मं होतं. प्रतिकर्षणासाठी (1 − 1/8) ने गुणा (8 हा प्रतिकर्षण अंतरानुसार किती झपाट्याने घटतं ते सांगणारा घातांक): 7.81, म्हणजे मोलमागे सुमारे 753 किलोज्यूल. बॉर्न-हाबर चक्रातून, म्हणजे प्रयोगात मोजलेल्या ऊर्जांच्या हिशोबातून, साधारण 787 येतात. तफावतीचा काही भाग इथे न धरलेल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाचा.