'लालफीत' पोर्तुगीजमध्ये कशी लिहायची?

इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये भाषांतर करते म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येतो: 'रेड टेप'ला तिकडे काय म्हणतात? मराठीने तो शब्द उचलून 'लालफीत' केला. आपल्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे खरोखरच फितीने बांधलेले असत, त्यामुळे तो रुजलाही. पोर्तुगीजमध्ये मात्र 'फिता व्हर्मेल्या' लिहिलं, तर वाचणाऱ्याला उद्घाटनाची फीत आठवेल.

नेहमीचा शब्द 'बुरोक्रासिया', म्हणजे नोकरशाही. साध्या कामासाठी उगाच भरावे लागणारे फॉर्मही त्यातच येतात. त्यावरून 'देझबुरोक्रातिझार' असं क्रियापदही झालंय, म्हणजे हा सगळा जाच कमी करणं. ब्राझीलमध्ये १९७९ साली खास या कामासाठी मंत्री नेमले होते, एलियो बेल्त्रांव.

तरी मी विचारणाऱ्याकडून आधी पूर्ण वाक्य मागून घेते. त्यातल्या माणसाला नेमका कशाचा त्रास होतोय, त्यावर शब्द ठरतो. कागदांचा ढीग असेल, तर 'पापेलादा'. बोलण्यात तो छान बसतो, अर्जात नाही. गोव्यातले कितीतरी जण जन्माचे, लग्नाचे जुने दाखले जुळवून लिस्बनला नोंदणीसाठी पाठवतात. त्यांच्या पत्रात 'पापेलादा' आला, तर कुरकुर केल्यासारखं वाटेल. तिथे 'फोर्मालिदादश', म्हणजे सोपस्कार, हाच शब्द हवा.

आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पिटाळत असतील, तर पोर्तुगीज म्हणतात, हेरोदाकडून पिलाताकडे फिरतोय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात येशूला राजा हेरोदाकडे पाठवतो आणि हेरोद त्याला परत पिलाताकडे धाडतो. मला हा प्रयोग सगळ्यांत आवडतो. 'लालफीत' म्हटलं की फाइल दिसते. इथे हेलपाटे घालणारा माणूस दिसतो आणि भाषा त्याच्या बाजूने उभी राहते. यातना त्याहून मोठ्या असतील, तर 'व्हिया साक्रा', म्हणजे येशूच्या यातनांची, चौदा स्थानांची क्रुसाची वाट. हा शब्द मी जपून वापरते. पासपोर्टाला चार दिवस उशीर झाला, एवढ्यासाठी तो खर्च करू नये. आजारी माणसाला उपचारांसाठी महिनोन्‌महिने दारोदार फिरवलं असेल, तर जरूर वापरावा.

'सात डोक्यांचं जनावर'ही आहे, पण ते बहुधा नकारातच येतं: हे काही सात डोक्यांचं जनावर नाही, म्हणजे दिसतं तेवढं अवघड नाही. अर्ज कसा भरावा हे समजावणाऱ्या मजकुरात, वाचणारा आधीच बिचकलेला असतो तेव्हा, मी हेच निवडते.